वाढ्याच्या पेंढ्या

ऊसतोडीचा हंगाम लागला की वडगाव निंबाळकरची मेहबूबबी बांगड्यांची पेटी घेऊन वडापच्या जीपनं सोमेश्वरनगरला जायची. तोडकऱ्यांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांवर, तिला गिऱ्हाईक शोधावं लागत नसे. "चाची आली गं," असं कुणीतरी म्हणायचं आणि बाया हात धुऊन पुढ्यात बसायच्या. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं पेंढ्या बांधून त्या गोठेवाल्यांना चाऱ्यासाठी विकत. ते पैसे पदराच्या गाठीत राहत, नवरे त्याचा हिशेब विचारत नसत. बांगड्या त्यातूनच व्हायच्या.

यंदा बाया बसल्या, बांगड्या उन्हात धरून बघितल्या आणि परत ठेवल्या.

"गोठेवाले रोकड देतच न्हाईत, चाची," चंद्रकला म्हणाली. "फोनवर टाकतो म्हणत्यात. फोन नवऱ्याकडं."

मेहबूबबीच्या पेटीवर तिच्या लेकानं, सोहेलनं, स्कॅनचं स्टिकर चिकटवलं होतं. ते दाखवून ती म्हणाली, "मग भर की. तुझा मालक आला की हितंच टाकंल."

चंद्रकलानं दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घेतल्या. तिचा नवरा लखन कारखान्यावर ऊस खाली करून आला तेव्हा ऊन कललं होतं. त्यानं आधी तिचे हात बघितले.

"कुणाला इचारून भरल्या?"

"वाढ्याचं पैसं माझंच हायेत."

"तुझं कसं? खातं माझं हाय."

तो ओरडला नाही, ही तर सरळ गोष्ट आहे अशा सुरात बोलला. "उतरव त्या," म्हणाला आणि अंघोळीला गेला. चंद्रकला मान खाली घालून बांगडी ओढायला लागली.

"राहू दे," मेहबूबबी म्हणाली. "भरलेली बांगडी मी परत घेत न्हाय."

पैसे न घेताच ती निघाली. जीपमध्ये तिचं डोकं भणभणत होतं आणि नक्की कुणावर चिडावं ते कळत नव्हतं.

घरी सोहेल म्हणाला, "अम्मी, नवऱ्यानं पैसं दिलं न्हाईत, त्यात फोनचा काय दोष?"

"मग त्यांच्या गाठीतलं पैसं गेलं कुठं, ते सांग."

"बायांनी आपली खाती उघडावीत."

पुढच्या खेपेला तिनं चंद्रकलाला तेही सांगून बघितलं. "खातं हाय की चाची," चंद्रकला म्हणाली. "त्याला नंबर त्यांचाच लावलाय."

मग मेहबूबबी टोळीच्या मुकादमाकडं गेली. बायांच्या हातात थोडी तरी रोकड द्या, म्हणाली. मुकादम हसला. "मावशी, मलाच वरनं खात्यावर येतंय. नोटा काय उसाला लागत्यात व्हय?"

ती तणतणत कोप्यांवर परत आली. चंद्रकलाच्या कोपीशी वाढ्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या.

"ह्या तुझ्याच का?"

"व्हय. संध्याकाळी गोठेवाला येईल."

"त्यातल्या दोन मला दे. मागच्या बांगड्या फिटल्या. आणि बाकीच्यांनाबी सांग, चाची वाढ्यावर बांगड्या भरती."

त्या दिवशी दोघी-तिघींनी हात पुढं केले. पेंढ्या टपावर टाकायचं जीपवाल्यानं जादा भाडं घेतलं, वर कटकटही केली. वडगावात उतरून तिनं पेंढ्या शेजारच्या गंगारामतात्यांच्या गोठ्यात नेल्या. तात्यांनी खिशातून फोन काढला.

"सोहेलला टाकू का?"

"न्हाय तात्या, नोटा द्या. पैसं माझ्या हातात पाहिजेत."

"आता नोटा कुठनं आणू? घरात सापडायची न्हाय एखादी."

"मग पेंढ्या उचलते."

तोवर म्हशीनं एकीत तोंड घातलं होतं. तात्या वैतागून चौकातल्या किराणावाल्याकडं गेले, त्याच्या फोनवर पैसे टाकून नोटा घेऊन आले आणि तिच्या हातावर ठेवल्या.

"चार पेंढ्यांसाठी केवढा ताप ह्यो."

"ताप तर हायच," मेहबूबबी म्हणाली.

जीपभाडं वजा जाता तिला फारसं काही सुटलं नव्हतं. सोहेलनं तर हात जोडले, "अम्मी, आता बास कर." तरीही पुढच्या आठवड्यात ती गेली. कोप्यांपुढं पेंढ्यांचा ढीग वेगळा काढून ठेवला होता आणि बाया हात धुऊन बसल्या होत्या. तिनं सगळ्यांचे हात भरले, फक्त चंद्रकला लांबून बघत राहिली. लखननं तिच्या पेंढ्या सकाळीच विकून टाकल्या होत्या.

"एवढं टपावर न्हाय मावायचं, मावशी," जीपवाला म्हणाला.

"मावत्यात. तू दोरी काढ," मेहबूबबी म्हणाली आणि पेटी खाली ठेवून त्याच्याशी भांडायला उभी राहिली.