डाव्या चाकाची खालची पिन

पुढच्या डाव्या चाकातून धूर निघत होता आणि माझी सून आमच्या टेम्पोतून उतरून त्याच्याकडे बघत उभी होती. मी माल भरायच्या यार्डात वजनकाट्यापाशी पावतीसाठी थांबले होते. जळक्या ब्रेकचा वास मला लांबून कळतो. नवऱ्यानं हयातभर ट्रक चालवला आणि मी हयातभर त्याच्या कपड्यांतून तो वास धुतला. गेले, डाव्या चाकाजवळ हात नेला आणि झटक्यात मागं घेतला. नुसता जाळ. उजव्याला हात लावला तर कोमट.

तिथंच मला कळायला हवं होतं. चालवणारा ब्रेकवर पाय ठेवून बसला तर दोन्ही चाकं तापतात. एकच तापलं तर दोष चाकाचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हाताला माहीत होतं, पण तोंड आधी सुटलं.

"पाय उचलायला कुणी शिकवलं नाही का तुला?" मी ओरडले. "ब्रेकवर पाय ठेवून झोपा काढतेस की काय?"

"आई, गाडी डावीकडे ओढतेय. आठवडाभर सांगतेय मी."

"गाडी नाही ओढत. चालवणारा ओढतो."

भरायला लागलेल्या गाड्यांचे पाच-सहा ड्रायव्हर तिथं होते. त्यातला एक, ज्याला सगळे वकील म्हणतात कारण तो सावलीशीसुद्धा वाद घालेल, तो म्हणाला, "मावशी, बाईमाणसाचा पाय जडच असतो." सगळे हसले. मीही हसले.

सून हसली नाही. यार्डाच्या मुकादमाकडे वळली. त्याच्या लांब पल्ल्याच्या मोठ्या गाडीला ड्रायव्हर हवा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "मुकादम, तुमच्या गाडीचं मी मागे विचारलं होतं. आज सांगा मला."

मुकादमानं चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सांगतो संध्याकाळी. पण मावशी म्हणतात तसं असेल तर मला विचार करावा लागेल. आमचा माल घाटातून उतरतो, बाई."

ती पायी घरी गेली. स्टिअरिंगवर तिला मीच बसवलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा सायकलसुद्धा चालवत नव्हती. आणि आता तिचं ड्रायव्हर म्हणून असलेलं नाव मीच चार माणसांत धुळीला मिळवलं होतं.

चाक निवल्यावर मुलानं गाडी हळूहळू घरामागच्या शेडमध्ये आणली. तो मेकॅनिक आहे. बोलतो कमी, बघतो जास्त. जॅक लावून त्यानं चाक उचललं आणि हातानं फिरवायला गेला. चाक जागचं हलेना.

"ब्रेक धरलाय. आधी बघू, दाब आत अडकलाय का," तो म्हणाला. पॅड चाकाच्या डिस्कवर दाबून धरणाऱ्या कॅलिपरवरचा छोटा नट त्यानं सैल केला, बाटलीत थोडं ब्रेक ऑइल गळलं. पुन्हा चाक फिरवून पाहिलं. तसंच घट्ट. "दाब नाही. कॅलिपरच अडकलाय."

चाक काढून, बोल्ट सोडून त्यानं कॅलिपर पहारीनं हळूच उचकटला. आतलं पॅड झिजून लोखंडाला टेकलं होतं. बाहेरचं अजून जाड होतं. मी म्हणाले, "पिस्टन गेला असेल." त्यानं शिकंजा लावून पॅड ढकलणारा पिस्टन मागं दाबला. लोण्यात बोट जावं तसा आत गेला.

"पिस्टन ठणठणीत आहे. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागंपुढं सरकतो, त्यातली एक धरली असणार. तो सरकलाच नाही, म्हणून आतलं पॅड रात्रंदिवस घासत राहिलं." त्यानं वरची पिन ओढली. हातात आली. खालची ओढली, येईना. पाना लावून पिळली, तेव्हा कुरकुरत निघाली. तिच्यावरची रबराची टोपी भिजलेल्या वाटाण्यासारखी फुगली होती.

वरच्या पिनेवर पांढरट ग्रीस होतं, पातळ थराचं. खालच्या पिनेवर पिवळंधम्मक, थापलेलं.

ते पिवळं मी लांबून ओळखलं.

आमच्या घरात ग्रीसचा डबा माझ्या ताब्यात असतो. गेटच्या बिजागऱ्या, पाण्याच्या पंपाचं चाक, गाडीच्या स्प्रिंगचे पाटे, सगळ्याला मी स्वतः ग्रीस लावते. कोरडं लोखंड दिसलं की मला कुणीतरी उपाशी बसल्यासारखं वाटतं. मागच्या महिन्यात मुलानं नवे पॅड बसवले, तेव्हा पिनांना एवढ्याशा ट्यूबमधलं ग्रीस नखानं लावल्यासारखं लावलं आणि जेवायला गेला. मी डबा आणला. एक पिन काढून चांगली माखली, परत बसवली. दुसरीला हात घालणार तोच त्याच्या चपला वाजल्या. मी डबा पदराखाली घेऊन आत गेले.

"हे पिवळं कुठून आलं?" मुलगा पिन उजेडात धरून म्हणाला. "हे रबर फुगवतं. फुगलेलं रबर पिनेला आवळून धरतं. मी नव्हतं लावलं." मग स्वतःशीच मान हलवली. "तिनंच लावलं असेल. तिला गाडीखाली डोकं घालायची हौस आहे."

मी गप्प बसले. दूध उतू जायला लागतो तेवढाच वेळ, पण बसले. मनात आलं, लावलं असेल तिनं. कोण विचारणार आहे?

"बरं झालं," तो म्हणाला. "आता तिला सांगता येईल, तू म्हणालीस ते काही अगदीच खोटं नव्हतं."

"मी लावलं," मी म्हणाले.

"काय?"

"ग्रीस. तू जेवायला गेलास तेव्हा. कोरडी दिसली."

त्यानं पिन फडक्यावर ठेवली. "आई, ती कोरडी नव्हती. तिला तेवढंच लागतं."

"डबा चांगल्या ग्रीसचा आहे."

"गेटसाठी चांगला आहे." एवढंच म्हणून त्यानं पिना पुसायला घेतल्या. तो चिडला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

दोन्ही पिना त्यानं पॉलिश कागदानं घासून लख्ख केल्या, नव्या रबरी टोप्या बसवल्या, ट्यूबमधलं ग्रीस लावून पिना बोटानं आतबाहेर सरकवून पाहिल्या. डिस्क निळसर पडली होती, पण वाकली नव्हती. दोन्हीकडचे पॅड नवे घातले. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला मला केबिनमध्ये बसवलं. "दाब. धरून ठेव. आता पाय उचल." मी पाय उचलला. सकाळी हेच शब्द मी कुणाला सुनावले होते ते पेडलवरच्या पायालाही आठवलं.

शेवटी चाक दोन बोटांनी ढकललं तर स्वतःहून फिरत राहिलं.

मी आत गेले. सून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"गाडी झाली," मी म्हणाले.

"बरं."

"खालची पिन धरली होती. चुकीचं ग्रीस होतं तिला."

"कुणी लावलं?"

अजूनही पळवाट होती. "मी," म्हणाले. "तुझा काही दोष नव्हता. चाकाला हात लावला तेव्हाच मला कळायला हवं होतं."

तिनं हातातली घडी नीट केली. "हे मला काय सांगताय, आई? मी तर आठवडाभर तेच सांगत होते. हसले ते यार्डात आहेत."

मग आम्ही दोघी यार्डात गेलो. गाडी तिनंच चालवली. ड्रायव्हर पोत्यांवर बसून चहा पीत होते. आयुष्यात मी कुणापुढं मान खाली घातली नाही, आणि आता त्या पाच-सहा जणांपुढं जाऊन उभी राहिले.

"ऐका रे," मी म्हणाले. "सकाळचा दोष गाडीचा होता, हिचा नाही. गाडीत दोष मी घातला. पिनेला गेटचं ग्रीस थापलं. ही सांगत होती, मी ऐकलं नाही."

वकील म्हणाला, "म्हणजे मावशी, जड पाय..."

"पाय नाही, हात जड. माझा. हसायचं असेल तर आता हसा, सकाळी उगाच हसलात."

कुणी हसलं नाही. वकिलानं चहाच्या कपात तोंड घातलं. ते हसले असते तर मला सोपं गेलं असतं.

मुकादम उठून आला. सुनेकडे न बघता मला विचारलं, "मावशी, आता खरं सांगा. हिच्या हातात मोठी गाडी देऊ का?"

मी सुनेकडे पाहिलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती. ती गेली की आमची गाडी शेडमध्ये उभी राहणार, मुलाला बायको महिन्यातून चार दिवस दिसणार, आणि संध्याकाळी मी भांडायचं तरी कुणाशी? "घाटाची सवय नाही तिला अजून," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. खोटंही नव्हतं ते.

"द्या," मी म्हणाले. "पाय हलका आहे तिचा. आणि गाडी ओढतेय असं ती म्हणाली, तर त्याच दिवशी चाक उघडून बघा."

मुकादमानं तिला विचारलं, "उद्या निघाल?"

"निघते," ती म्हणाली. माझ्याकडे तिनं तेव्हाही पाहिलं नाही.