मेणाच्या घराची जागा

भरतचं, माझ्या थोरल्याचं, लग्न झालं ते सत्त्याण्णव साल. त्या दिवाळीनंतर अवसरीत भावाच्या अंगणात आम्ही शेंगा फोडत बसलो होतो. भाऊ चांगदेव बाजेवर, त्याची बायको ठकूबाई चुलीपाशी आणि माझी थोरली बहीण सारजाक्का पोरांच्या घोळक्यात.

अक्काचं सासरचं घर त्याच साली धरणाच्या पाण्यात गेलं होतं. नवरा नव्हता, मूल नव्हतं. माझं सासर गावातच, पण बहिणीच्या सासरी किती दिवस राहायचं म्हणून ती भावाच्या गोठ्यात झोपायची. बापाच्या रानात बांधाकडेला एक खोली टाकू दे, एवढंच तिचं मागणं. चांगदेव हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता. कांदा निघू दे. विहिरीचं काम होऊ दे. नातीचे कान टोचू दे.

काही वर्षांपूर्वी त्यानेच आम्हा दोघींना घोडेगावच्या कचेरीत नेऊन बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायला लावला होता. आमच्याकडची रीतच ती. जी बहीण अंगठा देते तिचं माहेर राहतं; जी देत नाही तिला भाऊबीजही नाही. तेव्हा आम्हाला अक्षर येत नव्हतं, पण येत असतं तरी सही केलीच असती. वर घरून नेलेल्या पुरणपोळ्या झाडाखाली बसून हसत खाल्ल्या. आठवलं की आजही अंगाची आग होते.

पोरांनी गोष्ट मागितली. अक्काने चिऊ-काऊची सुरू केली.

"कावळीचं घर शेणाचं, चिमण्याचं मेणाचं. दोघं सख्खी भावंडं."

"कावळी चिमण्याची बहीण कशी गं?" चांगदेवची नात आरती हसली.

"ती उन्हात राबून काळी पडली. आई एकच."

शेणाचं घर वाहून गेलं. कावळी दार वाजवत राहिली. आतून चिमणा म्हणत राहिला, थांब, बाळाला न्हाऊ घालतो, थांब, काजळ घालतो. इथवर पोरांना पाठ होतं. मग अक्का म्हणाली, "आता खरं ऐका. मेणाचं घर ज्या फांदीवर व्हतं, ती निम्मी कावळीची व्हती. तिनं फुकट सोडली."

भाकरी थापायचा आवाज थांबला. चांगदेव उठून बसला.

"अक्का, पोरांला काय बी शिकवू नको."

"गोष्ट हाय, चांगू. तुला का लागली?"

"जगाची रीत हाय ती. म्या एकट्यानं काढली न्हाई."

"म्हून तर गोष्टीत घातली."

"मग चिमण्यानं दार उघडलं का?" आरतीने विचारलं.

अक्का भावाकडे बघत राहिली. आम्ही सगळेच बघत होतो. चांगदेवने चपला घातल्या आणि रानात मोटर बघायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईने गोठ्यात कडबा भरायचा आहे म्हणून सांगितलं. अक्का नारायणगावला गेली. टोमॅटो निवडायच्या कामाला लागली, तिथल्या बायांबरोबर पत्र्याच्या खोलीत राहिली. बांधाकडेच्या जागेवर चांगदेवने पुढच्या साली कोंबड्यांची शेड टाकली. कोंबड्यांना जागा होती.

अक्का गेली तेव्हा तो माहेरचं लुगडं घेऊन आला. शेवटचं लुगडं भावाचं नेसवतात. पण बायांनी वर्गणी काढून आणलेलं मी आधीच नेसवलं होतं. वरून तरी घाल, म्हणाला. मी घातलं नाही. घडी हातात धरून तो तिरडीमागे चालत गेला.

माझी बहीण सारजाबाई दोन हजार चार सालच्या माघात नारायणगावात वारली.