मुठीतली सुपारी

पेशवाईतली गोष्ट. पर्वतीच्या पायथ्याच्या मळ्यांना आंबिल ओढ्याच्या पाटाचं पाणी पाळीपाळीनं मिळे. त्या दिवशी सोजरबाईच्या पाळीचा निकाल पंच देणार होते.

तिचा नवरा कर्नाटकच्या मोहिमेत कामी आला, आणि सुतक फिटायच्या आत दीर सर्जेराव बोलू लागला, "त्याची पाळी त्याच्यासंगं गेली." इकडे मळ्यात शेवंतीला कळ्या धरलेल्या. पाणी गेलं की मळा गेला, आणि मळा गेला की सोजरला दिराच्या दारात भाकरी मागायची.

पिंपळाखालच्या चौथऱ्यावर चार पंच बसले. पाचवे देवाघरी गेले होते आणि त्यांच्या जागी कुणाला बसवावं यावर अजून भांडण चालू होतं. रीत सोपी. प्रत्येकाच्या हाती एक सुपारी. पाळी सोजरकडे राहावी असं वाटलं तर ती ताटात टाकायची, नको तर मुठीत ठेवायची. बसलेल्या पंचांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी टाकली की सोजर जिंकली. बसलेले किती, हे पायरीशी काढलेल्या जोड्यांवरून ठरे. तिथं जोडे काढायचा मान फक्त पंचांचा. ज्यानं जोडे पायात घातले, तो सभेतून उठला. ताट उचललं की निकाल पक्का.

आप्पासाहेब पाटलांची सुपारी ताटात खणकन पडली. जयसिंगाची पडली. दत्तोबानं मूठ आवळली. तो सर्जेरावाचा जिवलग. उरला गेनबा.

गेनबाची लेक सर्जेरावाची सून. तो पिंपळाकडे बघत म्हणाला, "मी कुणाच्याच बाजूचा न्हाई. आपण गप बसनार."

"चारांत दोन," आप्पासाहेब म्हणाले. "निम्म्याहून जास्त होत नाहीत."

सर्जेरावानं मिशीवरून हात फिरवला, आणि सोजरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पदर सावरून ती उभी राहिली.

"गेनबादादा, तुम्ही माझ्या इरुद्ध हाय का?"

"न्हाई गं बाई. आत्ताच सांगितलं की."

"मग दत्तोबांची मूठ बघा आणि तुमची बघा. दोन्ही झाकलेल्या. फरक काय?"

गेनबानं खरंच दोन्ही मुठी पाहिल्या.

"गप बसायचं तर घरी जाऊन बसा," सोजर म्हणाली. "हितं बसून गप बसलात, तर पाणी माझंच तुटतंय."

कुणीतरी हसू दाबलं. आप्पासाहेब ताटाशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ताट अजून उचललेलं नाही."

गेनबा उठला.

"व्याही, खाली बसा," सर्जेराव गुरकावला.

"बसलो असतो हो. पण म्हशीला पाणी दावायचं राहिलंय."

तो पायरी उतरला. एक जोडा पायात गेला. दुसरा काही केल्या जाईना. जमलेली सगळी आळी त्या एका टाचेकडे बघत होती. गेनबानं पाय आपटला. जोडा गेला.

"तीन जोड," आप्पासाहेब म्हणाले. "तिनांत दोन. पाळी सोजरबाईची."

सर्जेराव उसळला. "व्याही, दगा दिलात."

"मी?" गेनबानं मूठ उघडून सुपारी दाखवली. "ही काय, माझ्याचजवळ हाय. लेकीला सांगा, बाप शेवटपतूर गप होता."

सोजरनं हे ऐकलंच नाही. आभार मानायलाही ती थांबली नाही. कुदळ खांद्यावर टाकून ती पाटाच्या कडेनं धावत सुटली होती. तिची आजची पाळी दिवस मावळेपर्यंतच होती, आणि ऊन पर्वतीच्या शेंड्याला गेलं होतं.