बाणाची खूण

फारूकनं बटण दाबलं. लॅपटॉप गप्प. त्यानं पुन्हा दाबलं, मग शेजारचं दाबलं. त्याचा आवाज कुठूनच येईना. त्यानं बायकोकडं पाहिलं.

"मी काईच नाई केलं," सुरय्या म्हणाली. मग तिला आठवलं. "सकाळी थोडी जागा केली फक्त. तुमच्या तपासणीचे फोटो मावून नव्हते राह्यले."

फारूक मूल गावच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं त्याचा घसा खाल्ला. नागपूरला स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा त्यानं दार लावून घेऊन आपली रोजची वाक्यं लॅपटॉपमध्ये बोलून ठेवली. कोणत्या बटणाला कोणतं वाक्य, हेही लिहिलं आणि सगळं एकाच फोल्डरात ठेवलं. ही त्याची जुनी सवय. खरी फाइल एका जागी. जिथं लागेल तिथं तिच्याकडं बोट दाखवणारी नुसती खूण. मशीन बदललं तरी मांडणी मोडायला नको. त्या खुणेवर बारीकसा बाण दिसायचा.

सुरय्याला तीच नावं दोन ठिकाणी दिसली. एक जागा जास्तीची समजून तिनं अख्खा फोल्डर पुसला होता.

"पण नावं तर सारी हायेत नं. हे पाहा, पानी. हे चाय. मंग काऊन नाई बोलत?"

फारूकनं टाइप केलं: आत काही नाही.

तेवढ्यात देवाजी आला. शाळेपासूनचा दोस्त, आता बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पाण्यावर धानाची शेती करायचा, संध्याकाळी गप्पांना यायचा. सुरय्यानं त्याला सगळं सांगितलं.

"म्हंजे भाभी, तुमी बोडी बुजवली अन् पाटाले पानी मांगून राह्यल्या."

कोणी हसलं नाही. तोही ओशाळला. "दुसरी कॉपी असनच. हा मानूस पायजम्याचा दुसरा नाडा खिशात घेऊन फिरते."

फारूक ताडकन उठला. कपाटातून छोटी डिस्क काढून त्यानं जोडली. केबल दोनदा चुकली. सुरय्या ओठातल्या ओठात दुआ म्हणत राहिली. पडद्यावर एकेक करून सारी नावं आली.

प्रत्येक नावावर बारीक बाण होता.

फारूकनं एकेक नाव उघडून पाहिलं. मग त्यानं टाइप केलं: डिस्कवर मी पण खुणाच भरल्या. चूक माझी.

पुसलेलं परत आणायचा प्रोग्राम त्यानं लावून पाहिला. एका खोकल्याचा तुकडा निघाला, बाकी नुसती खरखर. त्या जागेवर आता त्याच्याच घशाचे फोटो बसले होते.

"देवाजीभाऊ, तुमच्या फोनात असन नं यांचं बोललेलं काई?"

देवाजीनं फोन काढला, बोटानं वरखाली केला. "कुठून असन भाभी? रोज तर समोरासमोर बसत होतो."

तो चहा न घेताच गेला. सुरय्या आत जाऊन उगाच गॅस पुसत राहिली. रडली तर बाहेर ऐकू जाईल म्हणून तिनं पदर तोंडात धरला होता.

बाहेरून बटणाचा आवाज आला. टक. थोड्या वेळानं पुन्हा, टक.

कोणतं बटण, हे तिला आतून दिसत नव्हतं.

"आली जी," ती म्हणाली, आणि हात पुसत बाहेर गेली.