टाचेचे तीन एक्स-रे

परीक्षेच्या सकाळी समुद्री शेवाळाचं सूप प्यायलं की माणूस घसरतो, नापास होतो, असं आमच्याकडे मानतात. सक्तीच्या लष्करभरतीच्या तपासणीच्या सकाळी मी ते दोन वाडगे प्यायलो. आईनेच वाढलं. मला नापासच व्हायचं होतं.

माझी उजवी टाच बाहेर सरकलेली आहे आणि घोटा आत कोसळतो. हाडांच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, आतली शीर जुन्या दोरीसारखी झिजली आहे. पाठीवर ओझं घेऊन रात्रभर चालवलं तर तुटेल, मग घोटा कायमचा खिळवून टाकावा लागेल. आणि लष्करात दीड वर्ष पाठीवर ओझंच घ्यायचं असतं.

झोपवून काढलेल्या एक्स-रेत यातलं काही दिसत नाही. अंगाचा भार पडला की मगच हाड आपली जागा सोडतं, म्हणून फोटो उभ्यानेच काढतात. पण बाहेरच्या दवाखान्याचा कागद तपासणी कार्यालयातले लोक नुसता चाळतात. विश्वास फक्त स्वतःच्या फोटोवर.

एकसारख्या करड्या चड्ड्या घातलेली आम्ही पोरं रांगेत उभी होतो. भिंतीवर लाल पाटी होती: तब्येतीचं सोंग करून सेवा टाळणाऱ्याला एक ते पाच वर्षं कैद. मी ती इतक्या वेळा वाचली की अक्षरं नाचायला लागली.

माझ्या पुढचा पोरगा चौथऱ्यावर चढला आणि घोटा मुरडून उभा राहिला. फोटो काढणाऱ्या ब्यॉन बाई पन्नाशीच्या, आवाज सपाट.

"या खोलीत आलं की सगळ्यांच्या टाचा वाकड्या होतात," त्या म्हणाल्या. "बाहेर पडलं की बसमागे हरणासारखे पळतात. नीट उभा राहा बाळा, नाहीतर सोंगं पकडणाऱ्या चौकशीच्या साहेबांना बोलावते."

तो नीट उभा राहिला नाही. साहेब आले. त्याला कोपराला धरून शेजारच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. आतून कसलाच आवाज आला नाही.

"प्यो सांग-उ," बाईंनी माझं नाव पुकारलं.

चौथरा गुडघाभर उंच. तोंड पाटीकडे, यंत्र मागे, नेम टाचांवर. मी चढलो. तेवढ्यात तपासणीचे डॉक्टर मोक आत आले. मी वाकून नमस्कार केला आणि ताठ उभा राहिलो.

इथेच घात झाला. मला सहाव्या वर्षापासून शिकवलंय, मोठं माणूस समोर आलं की सरळ उभं राहायचं. आई आमच्या लाँड्रीतल्या हँगरने माझ्या नडगीवर टकटक करायची. "वाकडा उभा राहिलास तर लोक म्हणतील पोराला बापाने वळण लावलं नाही." बाप होताच कुठे वळण लावायला! शाळेत मास्तर तेच, दुकानात गिऱ्हाईक तेच. मग मी युक्ती शिकलो. पायाची बोटं जमिनीत रोवायची, नडगी आवळायची, टाच ओढून खाली आणायची. दुखायचं, पण सगळे म्हणायचे, किती शिस्तीचं पोर. आता ते आपोआप होतं. मला कळतही नाही.

खट्. पडद्यावर फोटो आला. नडगीची रेघ टाचेच्या बरोबर मधोमध.

"तिसरी श्रेणी," डॉक्टर मोक म्हणाले. "लष्करात जा, मजा कर. पुढचा."

मी चौथऱ्यावरच थिजलो. तोंड उघडावं तर लाल पाटी. गप्प बसावं तर घोटा.

ब्यॉन बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या पायाकडे बघत होत्या. "याची नखं पांढरी पडलीत, डॉक्टर. हा पाय आवळून उभा आहे. बोटं सोड रे."

मी सोडायचा प्रयत्न केला. डॉक्टर रोखून बघत होते, अर्धीच सुटली. खट्. दुसऱ्या फोटोत टाच बोटभर बाहेर.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मग शांतपणे विचारलं, "पाच मिनिटांत दोन टाचा. यातली कुठली तुझी?"

"दुसरी, साहेब. म्हणजे दुसरीपण पूर्ण नाही. पहिली मी ओढून सरळ केली होती."

"का?"

"तुम्ही आलात म्हणून."

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टर हसले नाहीत. "म्हणजे तुला टाच हवी तशी फिरवता येते."

खरं बोललो आणि तोच सोंगाचा पुरावा झाला. शेजारच्या खोलीचं दार उघडलं, साहेबांनी डोकं बाहेर काढलं. "आणखी एक आहे का?"

"थांबा," ब्यॉन बाई म्हणाल्या. "डॉक्टर, ह्याला इथेच उभा ठेवा. आवळून आवळून किती वेळ आवळेल? स्नायू थकला की हाड जाईल तिथे जाईल. ते ह्याच्या हातात नाही."

"रांग खोळंबेल."

"खोळंबू द्या. मुद्दाम मुरडत असेल तर स्नायू कडक लागेल, तुमच्याच बोटाला कळेल."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि अंगठा माझ्या नडगीच्या स्नायूवर ठेवला. साहेब दारातच उभे राहिले. मी भिंतीकडे बघत उभा.

"पुतळा बसवताय का?" मागून एक जण.

"फुलं आणा रे," दुसरा.

दहा मिनिटं गेली. पाय थरथरायला लागला. सोडून द्यावं तर मुद्दाम सोडलं म्हणतील, धरून ठेवावं तर घोटा जाईल. मी माझ्याच पायाला घाबरलो होतो. कुठलं माझं करणं आणि कुठलं पायाचं, कळेना. विसाव्या मिनिटाला नडगीत आग पेटली आणि मग काहीच उरलं नाही. घोटा आत कोसळला. मी ओरडलो असेन.

"स्नायू मऊ पडला," डॉक्टर म्हणाले. "काढा."

तिसऱ्या फोटोत टाच नडगीखालून इतकी बाहेर गेली होती की मागची पोरं माना पुढे काढून बघायला लागली. डॉक्टरांनी चौथी श्रेणी लिहिली. बूट नाहीत, ओझं नाही, दीड-पावणेदोन वर्षं कुठल्यातरी सरकारी कचेरीत काम. साहेब दार लावून आत गेले.

"तिन्ही फोटो फाईलमध्ये राहणार," डॉक्टर म्हणाले. "कुणी तक्रार केली तर पहिला, सरळ टाचेचा, आधी बघतील. लक्षात ठेव."

मी बाईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी हातानेच जा म्हटलं.

बाहेर बसथांब्यावर बाकावर बसलो. पाय सुजला होता. एक म्हातारे आजोबा काठी टेकत आले. मी उठून जागा दिली, आणि उभा राहिलो तेव्हा जाणवलं, बोटं रोवली गेली होती, टाच सरळ झाली होती.

मी झटकन मागे वळून कार्यालयाच्या खिडक्यांकडे बघितलं. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी उभं होतं. कोण ते दिसत नव्हतं. मी पाय सोडायला लागलो. तो सुटेना.