चोराला किती मारावं?

भर दुपारी सगळं गाव सोयाबीन काढायला रानात गेलेलं. गुडघा धरला म्हणून गोजरबाई तेवढी घरी राहिली होती. ओसरीवर डोळा लागतो न लागतो, तोच आतल्या खोलीत पत्र्याची पेटी करकरली. बाईनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं नि दारात जाऊन उभी राहिली.

आत एक अनोळखी गडी पेटीत कोपरापर्यंत हात घालून बसलेला. बाईला बघताच तो उठला आणि तिला ढकलून पळायला धावला. बाईनं खांद्यावर एकच दणका दिला. गडी आडवा! तिनं त्याच्यावर वाकळ टाकली आणि वाकळीवर स्वतः बसली. बसली म्हणजे बसलीच.

दुसरा हाणावा म्हणून मुसळ वर गेलं, पण तेवढ्यात तिला भाची आठवली. प्रतिक्षा हिंगोलीच्या कोर्टात वकील. बाईनं फोन लावला नि स्पीकरवर टाकला.

"प्रतिक्षा, घरात चोर शिरला. कितीक मारू?"

"आत्या! तुला लागलं का? त्याच्याकडं हत्यार आहे का?"

"न्हाई. बांगड्यांचा डबा व्हता, तोबी सुटला हातातून."

"आता काय करून राहिला तो?"

"काय करतो बापडा? मीच वर बसून राहिले."

"मग आता एकही फटका मारू नको. तो अंगावर आला तेव्हा मारलंस, तो तुझा हक्क. जीव नि घर राखायला लागेल तेवढंच मारता येतं. धरल्यावर मारलंस तर गुन्हा तुझ्यावर."

गोजरबाईचं तोंड एवढंसं झालं. "अन् बसलेलं चालतं का?"

"पोलीस येईपर्यंत धरून ठेव. मी सेनगावच्या ठाण्याला फोन करते."

वाकळीतून आवाज आला, "वकीलबाई, वजनाचं बी काही कलम असंल तर बघा. दम कोंडून राहिला माझा."

बाईला फसकन हसू फुटलं. तिनं त्याचं तोंड उघडं केलं आणि सरकून पायांवर बसली.

पाणी न्यायला रानातून घरी आलेल्या शेजारच्या ग्यानोबानं हा गलका ऐकला. त्यानं रानातून आणखी तिघांना बोलावलं नि चौघं काठ्या घेऊन आले. "वैनी, सरका. याची हाडं मोकळी करतो."

बाईनं मुसळ उगारलं. "हात लावून तर बघा!"

"चोराची बाजू काहून घेऊन राहिल्या?"

"बाजू कशाची? मलाच मारायला भेटलं न्हाई, तर तुमाला काहून भेटावं?"

पोलिसांची जीप येईपर्यंत चौघं काठ्यांवर हनुवटी टेकून उभे राहिले.

हवालदारानं चोराचा सुजलेला खांदा बघून विचारलं, "कोणी मारलं?"

"मी. एकच. अंगावर आला तवा."

"बराबर हाय सायब," चोर म्हणाला. "पण या बाईंना संगं घ्या. ही माणसं कशी बघून राहिलीत बघा."

फिर्याद द्यायला जायचंच होतं. गोजरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून जीपमध्ये चढली. वाटेत रानातून परतणारा नवरा, माणिकराव, आडवा आला. "अगं, कुठं चालली?"

"चोराला पोचवून येते," ती जीपमधून ओरडली. "भाकरी टोपल्यात हाय, घ्या वाढून!"