एकटीचा फोटो

"श्वास घ्या... रोखा. हलू नका."

सुभद्राने कॅमेरा डोळ्याला लावला आणि काउंटरमागचा गौतम खरोखरच श्वास कोंडून उभा राहिला. बटण दाबलं गेल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं.

"आजी, फोटो काढताय की एक्स-रे?"

"एक्स-रेच काढले रे जन्मभर. परळला, इस्पितळात. तोंडातून आपोआप येतं."

दादरच्या त्या दुकानात नात अक्षता सोबत होती, पण तिचा जीव यात नव्हता. "आजी, पप्पांनी एवढा भारी फोन दिलाय ना तुला. त्याचा कॅमेरा बघ तरी एकदा."

"फोन बाहेर काढला की माणसं तोंडं वेडीवाकडी करतात. कॅमेरा दिसला की पदर सावरतात."

गौतमने एक दांडगा कॅमेरा पुढे सरकवला. त्याची लेन्स लाटण्याएवढी लांब होती. सुभद्राने तो उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"हा लग्नवाले नेतात," गौतम म्हणाला.

"मला लग्नं नाही काढायची. एका माणसाचा एक फोटो काढायचाय."

"एका फोटोसाठी कॅमेरा?"

"हो. का, विकत नाही तुम्ही?"

गौतम मुलगा शहाणा होता. तो हसला आणि नीट समजावून सांगू लागला. मेगापिक्सेलच्या आकड्यांमागे लागू नका, तेवढे सगळ्यांतच असतात. हातात बसतो का ते बघा. आणि लगेच दुसरी लेन्स घेऊ नका, मिळाली आहे तिनेच वर्षभर काढा. मग त्याने मागच्या कपाटातून एक लहान, काळा, वापरलेला कॅमेरा आणला. आधीच्या मालकाच्या अंगठ्याने त्याचा एक कोपरा घासून गुळगुळीत झाला होता. वर डोळा लावायला छोटी खिडकी होती. सुभद्राने एक डोळा मिटला. तिच्या बोटाला बटण न शोधता सापडलं.

"हा."

"सेकंडहँड आहे, आधीच सांगतो. पण बिगिनरला झकास."

अक्षताने चटकन आजीकडे पाहिलं, आजीला राग आला की काय म्हणून. सुभद्रा कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवत होती. "बिगिनरच आहे मी," ती म्हणाली.

ज्या एका माणसासाठी हा खटाटोप चालला होता तिचं नाव द्वारका. सुभद्राची थोरली जाऊ. चिंचपोकळीच्या चाळीतल्या त्याच दोन खोल्यांत दोघींची उमर गेली. सुभद्रा नवी नवरी म्हणून आली तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि दोघींचे नवरे एकाच खात्यात कामाला होते. पुढे सुभद्राला इस्पितळात नोकरी लागली तेव्हा सासूने विचारलं, पोरांना कोण बघणार. द्वारका भाकरी थापत होती. तिने मानही वळवली नाही. "मी आसंय मा," एवढंच म्हणाली. त्या एका वाक्यावर सुभद्राची अख्खी नोकरी झाली. आता नवरे गेले, भोंगे गेले, द्वारकेने पंच्याऐंशी गाठली.

कॅमेऱ्याचं खूळ डोक्यात शिरलं ते बेबीमुळे. बेबी प्रभादेवीची, इस्पितळातली मैत्रीण. थंडीत गेली. बाराव्याला सुभद्रा गेली तर पाटावर ठेवलेल्या फोटोत बेबीच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं. नुसती बोटं. हार त्यांच्यावरून गेला होता, तरी ती लपत नव्हती. बेबीचा मुलगा ओशाळून म्हणाला, "मावशी, आईचा एकटीचा फोटोच नव्हता. मामेबहिणीच्या लग्नातला कापून घेतला."

सुभद्राने घरी येऊन अल्बम काढले. द्वारका सगळीकडे होती आणि कुठेच नव्हती. बारशाला कुणाचं तरी बाळ मांडीवर, चेहरा बाळात. मुंजीला मागच्या रांगेत, अर्धी. लालबागच्या स्टुडिओत, पडद्यावर रंगवलेल्या चंद्राखाली, सुभद्राचा मुलगा स्टुलावर बसलेला, आणि तो पडू नये म्हणून कडेने आत आलेला एक हात. तो हात द्वारकेचा. त्या काळी कॅमेरा मागून आणलेला असायचा आणि रोल जपून वापरायचा. पाहुणे झाले, जोडपी झाली, पोरं झाली की कुणीतरी म्हणायचंच, आता एकेकटीचे नकोत, रोल वाया जाईल. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. शिवाय त्या घरात फ्रेममधल्या एकट्या फोटोचा अर्थ एकच होता. भिंतीवर सासरे होते, सासू होती, दोघींचे नवरे होते. सगळे हार घातलेले.

द्वारकेच्या खांद्यावर परकी बोटं नकोत, एवढंच सुभद्राने ठरवलं होतं.

आधी हात बसायला हवा म्हणून तिने चाळ कामाला लावली. खालच्या मजल्यावरच्या सुंदराबाईंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना गॅलरीच्या टोकाशी उभं केलं. रोल नव्हताच, वाया काय जाणार. आठवड्याने अक्षताने ते सगळे फोटो कॉम्प्युटरवर लावले आणि पोट धरून हसली.

"आजी, सगळ्यांचे गाल का फुगलेत? सुंदराआजी तर पाण्यात बुडी मारायला निघाल्यासारख्या दिसतायत."

सुभद्राने चष्मा पुसून पाहिलं. खरंच. एकूण एक माणूस श्वास कोंडून उभा. इस्पितळात हलणं म्हणजे प्लेट फुकट, म्हणून तिने आयुष्यभर माणसांना थांबवलं होतं. फुप्फुसं छान दिसायची तशाने. माणूस नाही दिसायचा.

"आता गप्पा मारते त्यांच्याशी," ती म्हणाली, "आणि मध्येच काढते."

तसं जमू लागलं. सुंदराबाई सुनेची तक्रार सांगताना इतक्या सुरेख आल्या की त्यांनी तो फोटो माहेरच्या सगळ्यांना पाठवला. सुभद्राला धीर आला. तिने द्वारकेपुढे विषय काढला.

"वैनी, तुमचो एक फोटो काढूचो हा."

द्वारका खाटेवर पाय चोळत बसली होती. "कित्याक?"

"असाच."

"असोच कोण काढता? मेल्यार भिंतीर लावूक होयो म्हणान काढतंस मा?"

सुभद्राला खोटं बोलता आलं नाही. ती कॅमेऱ्याचा पट्टा सारखा करू लागली.

"मगे मेल्यार काढ," द्वारका म्हणाली. "तेव्हा हलूचंय नाय मी."

अक्षता आतून फिसकन हसली. द्वारकाही हसली. सुभद्राला मात्र हसू आलं नाही.

"आजी, तिला नकळत काढ ना," अक्षता नंतर हळूच म्हणाली. "तिला काय कळतंय."

आणि एका सकाळी तसं घडलं. द्वारका गॅलरीत सुपात सुका जवळा घेऊन निवडत बसली होती. ऊन कठड्याच्या गजांतून येऊन तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडलं होतं. तिला काहीतरी आठवलं असावं. ओठ हलले, मान थोडी वाकडी झाली, आणि एकटीच, स्वतःशी, एखाद्या मुलीने हसावं तशी ती हसली. सुभद्रा दारात होती. कॅमेरा गळ्यात होता. हात कधी वर गेला ते तिलाही कळलं नाही.

बारीकसा आवाज झाला. द्वारकेने वर पाहिलं.

"काढलंस?"

"व्हय."

"दाखव."

सुभद्राने मागचा पडदा तिच्यापुढे धरला. द्वारकेने जवळ्याचे हात लुगड्याला पुसले, डोळे बारीक केले आणि पुष्कळ वेळ पाहिलं. सुभद्राला वाटलं, आवडला.

"पुसून टाक."

"वैनी, अगदी ब्येस इलोहा. बघा तरी."

"बघलंय. पुस."

सुभद्राच्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला फोटो होता. ते तिला तेव्हाही ठाऊक होतं आणि नंतरही राहिलं. नुसतं 'पुसलं' म्हणून सांगितलं असतं तर द्वारकेला कळलंही नसतं. सुभद्राने कचऱ्याच्या टोपलीचं चित्र दाबलं, मशीनने पुन्हा एकदा विचारलं, तिने हो म्हटलं. द्वारकेच्या डोळ्यांसमोर पडदा काळा झाला. द्वारकेने सूप पुढे ओढलं.

त्यानंतर सुभद्राने कॅमेरा कपाटात ठेवला. अक्षताने दोनदा विचारलं, तिने दोन्ही वेळा विषय बदलला. घरात काही बिनसलं नव्हतं. चहा व्हायचा, दोघी एकत्र जेवायच्या. द्वारका मात्र अधूनमधून कपाटाकडे बघायची.

एका दुपारी तीच बोलली. "काय गो, कॅमेरो मोडलो?"

"नाय."

"मगे?"

"तुमका नको ना."

द्वारकेने पानाचा डबा मिटला. "माका नको असा मी कधी म्हटलं? तू इचारलंस खय? चोरासारखो काढलंस." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "सगळ्यांचे फोटो काढले ह्या घरात. ह्येका घे, त्येका घे, वैनी, वायच बाजूक हो. माका कोणी इचारल्यान नाय."

सुभद्रा उठली. तिने पदर नीट केला, दाराशी जाऊन मागे वळली, आणि परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "वैनी, तुमचो फोटो काढू?"

"काढ," द्वारका म्हणाली. "पण माका तयार होवंदे."

तयारीला तास गेला. ट्रंकेच्या तळातलं जांभळं लुगडं निघालं. चष्मा हवा की नको यावर अक्षताशी वाद झाला आणि चष्मा राहिला. पहिला फोटो द्वारकेला पसंत पडला नाही. दुसऱ्यात मान वाकडी, तिसऱ्यात डोळा मिटलेला. "आणखी काढ. तुझो रोल संपता काय?" संध्याकाळ होईपर्यंत ती बसली, उठली, पुन्हा बसली. सुभद्रा गप्पा मारायला लागली तर तिलाच गप्प केलं. शेवटी एक पसंत पडला. ताठ बसलेली, हात गुडघ्यांवर, नजर थेट समोर. श्वास कोंडलेला असावा. सुभद्राने तोच ठेवला.

"आता फ्रेम करून लाव," द्वारका म्हणाली.

अक्षता चपापली. "मोठी आजी, आत्ता? भिंतीवर?"

"मगे कधी? माका बघूचो हा."

चाळीत कुजबुज झाली. जिवंत माणसाचा फोटो, आणि तोही गेलेल्यांच्या रांगेत. पुढचे काही दिवस येणारा-जाणारा उंबऱ्यातच थबकायचा, चपला काढता काढता भिंतीकडे बघून चेहरा पाडायचा, आणि आतून द्वारकेचा आवाज यायचा, "कोण ता? ये, बस." हळूहळू लोकांना सवय झाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घर झाडलं. सुभद्राने फोटो एकेक करून खाली उतरवले आणि द्वारकेने मांडीवर फडकं घेऊन पुसायला घेतले. सासऱ्यांचा पुसला, सासूचा पुसला, धाकट्या दिराचा पुसला, नवऱ्याचा पुसला. नेहमीसारखे, भराभर. मग स्वतःचा घेतला. त्याची काच तिने हळू पुसली, उजेडाकडे तिरकी धरून पाहिली, आणि कोपऱ्यात राहिलेला एक ठिपका पदराच्या टोकाने टिपला. तो फोटो तिने सुभद्राच्या हातात दिला नाही. भिंतीला धरून उठली, टाचा उंचावल्या, आणि स्वतःच खिळ्याला अडकवला.